वीतभर घाट, चार बोटांचा मावळा

भिलाईच्या कारखान्यातून एकसंध रूळ निघतो तो १३० मीटर लांब. असे दोन जोडले की २६० मीटर. मीटरला ६० किलो धरा, म्हणजे अशा एका जोडरुळाचं वजन १५ टनांच्या वर. हा नेतात कसा? ओळीने जोडलेल्या उघड्या वाघिणींवर आडवा टाकून. वळण आलं की एवढं पोलाद वेताच्या छडीसारखं वाकतं आणि वळण संपलं की मुकाट सरळ होतं.

हाच रूळ बागेतल्या रेल्वेच्या मापात आणला, तर उरतो साडेअकरा मीटरचा. भिलाईच्या सेक्टरमधल्या एखाद्या क्वार्टरच्या अंगणात मावेल, मधे पेरूचं झाड नसेल तर.

बागेतली रेल्वे म्हणजे दिवाणखान्यातल्या खेळण्याची थोरली बहीण. ऊन, धूळ, पाऊस सोसत मातीवर धावणारी. जर्मनीच्या लेहमान कंपनीने १९६८ मध्ये ‘एलजीबी’ बाजारात आणली आणि या छंदाला एक ठरलेलं माप मिळालं. दोन रुळांमध्ये ४५ मिलिमीटर, प्रमाण १ ला साडेबावीस. हिशेब केला तर हे होतं मीटर गेज.

मीटर गेज आपल्याला नवं नाही. नागपूर-छत्तीसगढ रेल्वे १८८२ मध्ये राजनांदगावला पोचली ती मीटर गेजवरूनच. नागपूरहून येताना भिलाईच्या जरा अलीकडे ती थांबली. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने ती विकत घेऊन मोठ्या गेजची केली, आणि मीटर गेज गेलं ते गेलंच. भिलाईच्या अंगणात आज कुणी ४५ मिलिमीटरचा रूळ टाकला, तर ती जुनी गाडी राजनांदगावच्या पुढे यायला सव्वाशेहून अधिक वर्षं लागली म्हणायचं!

आपली नेहमीची मोठी लाइन, १६७६ मिलिमीटरची, याच प्रमाणात करायची तर साडेचौऱ्याहत्तर मिलिमीटरचा रूळ लागतो. ४५चाच रूळ वापरायचा हट्ट असेल, तर सगळी गाडी १ ला ३७ इतकी लहान करावी लागते. छंदवाल्यांची निम्मी भांडणं या एका आकड्यावरून होतात.

आकड्यांची गंमत

आपला निळा, जुन्या पद्धतीचा डबा साडेबावीस पट लहान केला की ९५ सेंटिमीटरचा होतो. चोवीस डब्यांची एक्सप्रेस करायला गेलात, तर इंजिन फाटकाशी आणि गार्ड शेजाऱ्यांच्या न्हाणीत. म्हणून बागेत शोभते ती माथेरानसारखी चार डब्यांची ठेंगणी गाडी.

वेगाचं उलटं. ताशी १३० किलोमीटरने धावणारी गाडी बागेत पावणेसहा किलोमीटरने धावते, म्हणजे सकाळी फिरायला निघालेल्या आजोबांच्या बरोबरीने. खेळण्यातल्या गाड्या खोट्या वाटतात त्या बहुतेक वेळा रंगामुळे नव्हे, भरधाव सोडल्यामुळे. हात आखडता घ्या, गाडी लगेच खरी दिसते.

वजन तर आणखी चक्रावून टाकतं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही साडेबावीस पटींनी घटतात, त्यामुळे वजन अकरा हजार पटींनी उतरतं. १२३ टनांचं विजेचं इंजिन हिशेबाने ११ किलोंच्याही आत येतं. गव्हाच्या छोट्या पिशवीएवढं!

चढ, ऊन आणि खडी

बोरघाटाचा चढ ३७ला १, म्हणजे शंभर मीटरला पावणेतीन मीटर. बागेतल्या गाडीलाही साधारण याहून जास्त चढ देऊ नये. दिला तर चाकं जागच्या जागी फिरतात. खऱ्या घाटात मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात, बागेत आपलं बोट लागतं.

ऊन मात्र लहान-मोठं बघत नाही. बागेतले रूळ बहुधा पितळी, आणि पितळ तापलं की पोलादापेक्षा जास्त पसरतं. रुळाचं तापमान ५० अंशांनी चढलं, तर १० मीटरच्या पितळी रुळाची लांबी सुमारे साडेनऊ मिलिमीटरने वाढते. छत्तीसगढच्या उन्हाळ्यात हे सहज घडतं. म्हणून जाणकार रूळ सिमेंटमध्ये पक्का गाडत नाहीत. मुरूम ठोकून घेतात, वर खडी पसरतात आणि रूळ तिच्यावर नुसता तरंगता ठेवतात. जागा मिळाली की तो हवा तेवढा सरकतो.

खडीही मापात हवी. आपल्या रेल्वेची खडी मोठ्यात मोठी ६५ मिलिमीटरची. बागेत ती होते जेमतेम तीन मिलिमीटर, म्हणजे बाजरीच्या दाण्याएवढी. तेव्हा बांधकामावरची खडी आणू नका, तिची बारीक कच चाळणीने चाळून घ्या. एक ताकीद: इंजिनाच्या मोटारीत लोहचुंबक असतं. वाटेवर लोखंडाचा कीस पडला असेल तर ते तो इमानेइतबारे गोळा करतं.

झाडांच्या बाबतीत निसर्ग मापात बसत नाही, युक्ती करावी लागते. बारीक पानांचं जेड छाटत राहिलं की वडाचा आव आणतं. कातरलेली मेंदी कुंपण होते. दुर्वा माळरान होतात, आणि पावसाळ्यात दोन आठवडे दुर्लक्ष केलं तर स्टेशन गिळून टाकतात.

आपण हे आधीच करतो

मराठी माणसाला हा छंद परदेशी वाटायचं कारण नाही. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी घडवलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांना खुलं आहे. तिथलं प्रमाण १ ला ८७, सगळं छपराखाली. भिलाईत मैत्रीबागेची फुलराणी याच्या दुसऱ्या टोकाला: आत बसून फिरायची. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून कारखान्याने १९७२ मध्ये ही बाग केली. कोथरूडची गाडी बघायची, मैत्रीबागेतली बसायची. मधली जागा, अंगणातल्या मातीतली, मोकळी आहे.

मोकळी तरी कशी म्हणायची? दिवाळीत आपण किल्ला करतोच की. दगड, विटा, पोत्यावर लिंपलेला चिखल, त्यावर पेरलेले अळीव, पायथ्याला तळं. डोंगर, बोगदा, हिरवळ: बागेतल्या रेल्वेची निम्मी कामगत झाली. मापसुद्धा जुळतं. साडेपाच फुटांचा माणूस या प्रमाणात साडेसात सेंटिमीटरचा होतो, म्हणजे चार बोटांचा. वीत म्हणजे खरे पाच मीटर. बाजारातला मातीचा मावळा फलाटावर उभा केला तर प्रवासी म्हणून खपून जातो. महाराज तेवढे मापाबाहेरचे, दरवाजापेक्षा उंच. पण ते किल्ल्याच्या नियमातच बसतं, तिथे कुणी फूटपट्टी लावू नये.

यंदा किल्ला कराल तेव्हा बालेकिल्ल्याखालून आरपार एक बोगदा ठेवा. वीतभर उंच आणि तेवढाच रुंद, नाहीतर इंजिनाचं धुराडं अडकतं.