पनवेलच्या रेंजवरचा दस्ता

रायफलचा दस्ता हलका असावा की भारी, हा मूळचा शिकाऱ्यांचा प्रश्न. वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार बंद झाली, ते फार चांगलं झालं. प्रश्न मात्र रायगड जिल्ह्यात आजही जिवंत आहे. पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठलेल्या, पुढे पॅरालिंपिक नेमबाज अवनी लेखराला घडवणाऱ्या या नेमबाज. अशा रेंजवर नवं पोर आलं की आधी दस्त्याचाच विचार करावा लागतो.

शिकाऱ्याला दिवसभर डोंगर तुडवायचा असतो, म्हणून त्याला दस्ता हलका हवा. पण चार किलोची रायफल तीन किलोवर आणली आणि काडतूस तेच ठेवलं, तर खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. एअर रायफलला धक्का जवळजवळ नसतोच. तिथे भार हवा तो नळी स्थिर राहावी म्हणून, कारण लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. नियमाची कमाल मर्यादा ५.५ किलो, मुरलेले नेमबाज तिच्या बरेच जवळ जातात. बारा वर्षांच्या मुलीला तेवढं वजन पेलायला लावणं मला मुळीच पटत नाही. उभ्याने नेम धरताना रायफलचा भार तोलायला पाठ मागे झुकवावी लागते आणि सगळा ताण कमरेवर येतो. तिला हलका दस्ताच द्यावा. अंगात ताकद येईल तशी वजनं जोडता येतात.

वजन कुठून कमी केलं, हेही तितकंच महत्त्वाचं. फक्त मागचा भाग पोखरला तर नळी पुढे झुकते आणि डाव्या हाताला जास्त ओझं होतं.

मग लाकूड. अक्रोडाचा दस्ता देखणा, हाताला ऊबदार. पण कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात लाकूड ओल पितं, फुगतं. शिकारी रायफलीत ते नळीला टेकलं की गोळीची जागा सरकते. थर चिकटवून केलेलं लॅमिनेटेड लाकूड कमी हलतं, पण बहुधा अक्रोडाहून जड भरतं. कार्बन फायबर हलकं आणि ओलीला न जुमानणारं, पण महाग. खाडीकाठच्या दमट हवेत रोज सराव करणाऱ्यासाठी मी ॲल्युमिनियमचा दस्ता निवडेन. तो फुगत नाही, खांद्याला टेकणारी बट आणि गाल टेकवायचा चीकपीस मुलाच्या वाढीबरोबर सरकवता येतात. स्क्रू तेवढे रोज पुसायचे, नाहीतर घामाने आणि खाऱ्या वाऱ्याने गंजतात.

पसंत करण्याआधी मुलाला डोळे मिटून रिकामी रायफल खांद्याला लावायला सांगावं. डोळे उघडल्यावर मान न हलवता साइट समोर यायला हवी. येत नसेल तर आधी चीकपीसची उंची, मग बटची लांबी जुळवावी. वजनकाटा त्यानंतर काढावा.