अडकलेल्या दाढेभोवतीची सावली

मागच्या लेखांकात मेलेल्या दाताच्या मुळाशी होणारी सिस्ट आपण पाहिली. आजची सिस्ट जिवंत, पण हाडातच अडकून बसलेल्या दाताच्या माथ्याभोवती होते. बहुधा खालच्या अक्कलदाढेभोवती, त्याखालोखाल वरच्या सुळ्याभोवती. न उगवलेल्या दातावर एक पातळ वेष्टण असते. वेष्टण आणि माथा यांच्यामध्ये पाणी साचू लागले की पिशवी फुगते आणि भोवतालचे हाड झिजत जाते. दुखत काहीच नाही, त्यामुळे ती बरेचदा भलत्याच कारणासाठी काढलेल्या ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्सरेत, सापडते. दाताच्या मानेपासून निघून माथ्याला वेढणारी गोल काळी सावली आणि तिच्या कडेला बारीक पांढरी रेघ, असे ते चित्र.

हे चित्र इतके ठसठशीत असते की निदान तिथेच झाले असे वाटते. पण एक्सरेने फक्त संशय घ्यावा. माथ्याभोवती २-३ मिलिमीटर मोकळी जागा तर निरोगी दातालाही असते. ती ५ मिलिमीटरच्या पुढे गेली की शंका रास्त ठरते. खरी अडचण पुढेच आहे. केराटोसिस्ट ही दुसऱ्या जातीची सिस्ट आणि अमेलोब्लास्टोमा हा जबड्यातला ट्यूमर, हेही नेमकी अशीच सावली पाडू शकतात. केराटोसिस्टला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात २००५ साली ट्यूमर ठरवले आणि २०१७ साली पुन्हा सिस्टच्या रांगेत बसवले. काढल्यावर पुन्हा उद्भवण्याची तिची खोड मात्र तीच राहिली. सुईने पाणी ओढून पाहिले तर पिवळसर द्रव साध्या सिस्टकडे आणि पांढरट घट्ट गाळ केराटोसिस्टकडे बोट दाखवतो. अमेलोब्लास्टोमातही पिवळसर पाणी निघू शकते, मग काय? म्हणून काढलेली प्रत्येक पिशवी फॉर्मलिनमध्ये घालून पॅथॉलॉजिस्टकडे गेलीच पाहिजे.

यावर म्हणतात, बहुतेक अहवाल साधेच येतात, मग रुग्णाला हा खर्च कशाला? बहुतेक साधे येतात हे खरे. पण उरलेल्यांत अमेलोब्लास्टोमा निघाला, तर कधी जबड्याचा भागच काढावा लागतो, आणि तो कोणाला निघेल हे एक्सरे सांगत नाही. लहान सिस्ट दाढेसकट एकदम काढतात, तेव्हा तपासणीला सगळी पिशवी हाती येते. मोठ्या सिस्टचे, विशेषतः लहान मुलांमधल्या सिस्टचे, तसे नसते. तिथे पिशवीला खिडकी पाडून नळी बसवतात आणि घरी रोज सलाईनने धुवायला सांगतात. काही महिन्यांत हाड भरते, जबड्यातली संवेदनेची शीर वाचते, कधी दातही उगवतो. उपाय उत्तमच, फक्त तपासला जातो तो खिडकीपुरता तुकडा. म्हणून पुढे उरलेली पिशवी काढल्यावर तीही तपासायला पाठवावी, आणि केराटोसिस्ट निघाल्यास काही वर्षे एक्सरे काढत राहावे.

मग सगळ्यांच्याच अक्कलदाढा आधीच का काढू नयेत? कारण अडकलेल्या बहुतेक दाढांना अशी सिस्ट होतच नाही, आणि त्या काढताना खालच्या ओठाची संवेदना पुरवणारी शीर दुखावू शकते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००० सालीच निरोगी अडकलेल्या दाढा सरसकट काढू नयेत असे सांगितले आहे.