विश्लेषण : कुंभातील गर्दीचा संगणकी अंदाज किती विश्वासाचा?

२०२७ च्या सिंहस्थात भाविकांना रामकुंडाकडे कोणत्या वाटेने न्यायचे आणि कोणत्या वाटेने परत काढायचे, हा नाशिकसाठी जिवाशी गाठ असलेला प्रश्न आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावरील चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला होता. असे आराखडे जिवंत माणसांवर आजमावता येत नाहीत. म्हणून संगणकावर आभासी गर्दी सोडून पाहण्याची, म्हणजे सिम्युलेशनची, पद्धत आहे. पण तिथेही एक अडचण असते.

एकच आराखडा, आकडे वेगळे का?

आभासी भाविक कधी येतील, घाटावर किती वेळ थांबतील, हे यादृच्छिक आकड्यांवरून ठरते. एका फेरीत तीन गाड्यांचे प्रवासी एकदम उतरतात, दुसरीत ते विखरून येतात. त्यामुळे प्रतीक्षेचा वेळ एकदा ३५ मिनिटे निघतो, एकदा ४७. आकड्यांच्या या पसरटपणाचे माप म्हणजे व्हेरिअन्स. फेऱ्या वाढवल्या की सरासरी स्थिरावते, पण चूक निम्मी करायला फेऱ्या चौपट लागतात आणि दहाव्या हिश्श्यावर आणायला शंभरपट. लाखो भाविकांची एकेक फेरी तासन्‌तास चालणार असेल, तर हा हिशेब परवडत नाही.

फेऱ्या न वाढवता काय करता येते?

सर्वांत सोपी आणि बहुधा सर्वांत उपयोगी युक्ती म्हणजे दोन्ही आराखड्यांवर तीच गर्दी सोडणे. दोन फलंदाजांची तुलना करताना एकाला फिरकी आणि दुसऱ्याला फुलटॉस देऊन चालत नाही, तसेच हे. समजा, दोन आराखड्यांत खरा फरक दोन मिनिटांचा आहे आणि प्रत्येकाच्या निकालात सहा मिनिटांचे प्रमाण विचलन आहे. दहा-दहा स्वतंत्र फेऱ्या घेतल्या तर फरकाच्या अंदाजातील प्रमाण त्रुटी सुमारे २.७ मिनिटे येते, म्हणजे फरक गोंधळात बुडाला. तीच गर्दी दोन्हीकडे वापरली आणि निकालांचा सहसंबंध ०.९ इतका असला, तर ही त्रुटी ०.८५ मिनिटांवर येते. स्वतंत्र फेऱ्यांनी हे साधायला शंभर-शंभर फेऱ्या लागल्या असत्या.

पथ्य एकच, पण नेमके तेच चुकते. आगमन, स्नान, परतीची वाट या प्रत्येकासाठी यादृच्छिक आकड्यांची वेगळी मालिका ठेवावी लागते. नाहीतर एका आराखड्यात आगमनासाठी वापरलेला आकडा दुसऱ्यात स्नानाच्या वेळेला जातो आणि ‘तीच गर्दी’ नावापुरती उरते.

दुसरी युक्ती हॅमर्स्ली आणि मॉर्टन यांनी १९५६ मध्ये मांडली: एका फेरीत ०.२ आकडा आला, तर जोडीच्या फेरीत ०.८ वापरायचा. एकीत गर्दी दाटली की दुसरीत बहुधा विरळ होते आणि दोघींची सरासरी मधोमध येते.

मग धोका कळला का?

नाही. या युक्त्यांनी अंदाजातील डळमळ कमी होते, घाटावरची नव्हे. गृहीतके चुकीची असतील, तर चुकीचे उत्तर अधिक ठामपणे मिळते, इतकेच. २००३ मध्ये गर्दीत नाणी उधळली गेल्याच्या बातम्या होत्या. असा प्रसंग मॉडेलमध्ये नसेल तर कितीही फेऱ्यांत तो दिसणार नाही. प्रत्यक्ष मोजणीचे महत्त्व म्हणूनच. २०१५ च्या सिंहस्थात ‘अशिओटो’ या पावले मोजणाऱ्या चटईचा प्रयोग झाला होता. अशी मोजमापे मॉडेलला जमिनीवर ठेवतात.

शिवाय चेंगराचेंगरी सरासरीत होत नाही. ती क्वचित घडणाऱ्या टोकाच्या क्षणी होते. अशा क्षणांसाठी वेगळी पद्धत आहे: धोक्याच्या परिस्थिती संगणकात मुद्दाम वारंवार घडवायच्या आणि नंतर त्यांचे वजन त्या प्रमाणात कमी करायचे. अणुभट्टीच्या किरणरोधक भिंतींचा हिशेब करताना ती रुळली. त्यामुळे एखाद्या आराखड्यात ‘प्रतीक्षा ४० मिनिटे’ असे छापलेले दिसले, तर दोन प्रश्न विचारायला हवेत: किती फेऱ्यांतून, आणि सर्वांत वाईट फेरीत चौकात दर चौरस मीटरला किती माणसे होती?