तक्त्यातले अंदाज आणि त्यांचे गुण

बाद पद्धतीच्या सामन्यांचा तक्ता आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. फळ्यावर डाव्या बाजूला संघांची नावे, दोन-दोन नावांना जोडणारा कंस, कंसापुढे कंस आणि शेवटी उजवीकडे एकच रिकामी रेघ. हरला तो घरी गेला, जिंकला तो पुढच्या कंसात सरकला. त्या रिकाम्या रेघेवर कोणाचे नाव येणार, यावरून पारावर किती वाद झडतात हे मी आपल्याला काय सांगावे!

अमेरिकेत या वादाचाच एक खेळ झाला आहे. तिथे महाविद्यालयांच्या बास्केटबॉल स्पर्धा १९३९ साली आठ संघांनिशी सुरू झाल्या. १९८५ साली संघ चौसष्ट झाले आणि २०११ साली अडुसष्ट. दर मार्चमध्ये लोक मुख्य तक्ता आधीच भरून ठेवतात आणि मग कोणाचे किती बरोबर आले ते मोजतात. चौसष्ट संघांचे त्रेसष्ट सामने. ते भरण्याच्या निरनिराळ्या रीती होतात ब्याण्णव हजार कोटी कोटींच्या वर! तेव्हा सगळे बरोबर येईल ही आशा कोणी धरू नये. प्रश्न उरतो तो इतकाच, की चुकलेल्यांत कमी चुकला कोण? आणि हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही. मी स्वतः त्यात फसलो आहे.

यवतजवळच्या एका शाळेत कबड्डीचे सामने होते. गणिताची गोडी लागावी म्हणून मी मुलांना कोरे तक्ते वाटले. बक्षीस एक वही. (पैसे लावायचे नाहीत हे पहिल्यांदा बजावले. पैसा आला की त्याचा जुगार होतो, आणि त्यासाठी आपल्याकडे १८८७ पासून कायदा आहे.) आता सोयीसाठी संघांना आपल्या गावांची नावे देऊ : यवत, कासुर्डी, खुटबाव, केडगाव, वरवंड, पाटस, राहू आणि पारगाव. संघ आठ, तर सामने किती? बोटे मोजू नका. प्रत्येक सामना एका संघाला घरी पाठवतो. विजेता सोडून सात घरी जायचे, म्हणून सामने सात : पहिल्या फेरीत चार, उपान्त्य दोन, अंतिम एक.

मी प्रत्येक फेरीला गुण दुप्पट ठेवले होते. पहिल्या फेरीतल्या बरोबर अंदाजाला एक, उपान्त्य फेरीत दोन, अंतिम सामन्याला चार. एका मुलाने पहिल्या फेरीचे चारही सामने अचूक ओळखले आणि उपान्त्यचा एक. त्याचे गुण चार अधिक दोन, म्हणजे सहा. एका मुलीचे पहिल्या फेरीत तीन अंदाज साफ चुकले. पण यवत अजिंक्य ठरणार हे तिने ओळखले होते. अजिंक्य संघ प्रत्येक फेरीत जिंकतोच, त्यामुळे तिला एक, दोन आणि चार, मिळून सात गुण मिळाले. वही तिला गेली.

मुलगा उठून उभा राहिला. म्हणाला, “सर, माझे पाच बरोबर आन् तिचे तीनच. मग ती पहिली कशी? हा कुठला न्याय?”

खरे सांगतो, मला चटकन उत्तर सुचेना. गुणांची रीत मी माझ्या मनात ठरवली होती. मुलांना आधी सांगितलीच नव्हती. चूक माझी होती.

रीत मात्र चुकीची नव्हती. पहिल्या फेरीचे चार सामने मिळून चार गुण, उपान्त्यचे दोन मिळून चार, अंतिमचे चार. प्रत्येक फेरीचे वजन सारखे, एकूण बारा. अमेरिकेतही हीच चाल फार वापरतात : १, २, ४, ८, १६, ३२. तिथे एकूण गुण १९२, आणि नुसता अजिंक्य संघ ओळखला तरी ६३, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा! शेवटचे ओळखणे अवघड, म्हणून त्याला जास्त गुण, असा तो विचार आहे. पण सर्व सामन्यांना सारखाच एकेक गुण ठेवला, तर आपला मुलगा पाचास तीनने जिंकतो. आणि १, २, ३ अशी मधली चाल धरली तर? मुलाचे चार अधिक दोन, सहा. मुलीचे एक, दोन, तीन, सहा. बरोबरी! तेच दोन तक्ते, तेच निकाल, आणि तीन रीतींनी तीन उत्तरे. शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर करून पाहावे.

काही जण दुबळ्या संघाचा विजय ओळखल्यास जादा गुण देतात. त्यासाठी संघांना आधी मानांकन हवे, आणि आपल्या गावच्या सामन्यांत ते ठरवताना भांडणेच जास्त होतील असे मला वाटते. संघ अकरा आले तर सोळाला पाच कमी पडतात, म्हणून पाच संघांना पुढे चाल मिळते. अशा पुढे चालीला गुण देऊ नयेत; त्यात ओळखण्यासारखे काही नसते.

पुढच्या खेपेस मी १, २, ३ ची रीत आधी फळ्यावर लिहिली. तोच मुलगा थोडा वेळ आकडेमोड करत बसला आणि मग म्हणाला, “सर, बरोबरी झाली तर?” तेव्हा ठरले, की अंतिम सामन्यात दोन्ही संघांचे मिळून किती गुण होतील तेही प्रत्येकाने तक्त्याच्या खाली लिहायचे. ज्याचा आकडा जवळचा, वही त्याची.