काकांचं दुकान आणि दोन रकान्यांचा तक्ता

मराठी विभागासाठी लेख दे, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मला घामच फुटला. पहिलीपासून कॉन्व्हेंट! त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका झाल्या तर मोठ्या मनाने माफ करा. विषय मात्र माझ्याच हातून घडलेला (आणि बिघडलेला) आहे, म्हणून सांगता येईल असं वाटतं.

आंबिवली स्टेशनजवळ माझ्या काकांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. कल्याणहून टिटवाळ्याची गाडी पकडलीत की शहाडच्या पुढचं स्टेशन. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत काका म्हणाले, "हल्ली सगळे मोबाईलवरूनच मागवतात. तू एवढी इंजिनिअर होतेयस, आपलं दुकान पण टाक की त्यात!" मी लगेच वर्डप्रेसवर वूकॉमर्स बसवलं आणि दोन दिवसांत दुकान उभं केलं. फोटो, किंमत, खरेदीचं बटण... झालं की!

पहिल्या आठवड्यात ऑर्डरी कमी आणि फोनच जास्त. "बल्ब पिनवाला आहे की आटेवाला?" "पंखा किती इंची?" "वायरचं बंडल किती मीटरचं?" शेवटी वैतागून मी एक दुपारभर काकांच्या शेजारी गल्ल्यावर बसले. गिऱ्हाईक म्हणायचं, "एक एक्स्टेंशन बोर्ड द्या." काका बोर्ड काढायच्या आधी विचारायचे, "कशाला लावणार?" टीव्हीला म्हटलं तर एक, गिझरला म्हटलं तर दुसराच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काका विचारतात, वेबसाइट विचारत नाही. म्हणून काकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं आधीच लिहून ठेवायची. यालाच स्पेसिफिकेशन टेबल म्हणतात. डाव्या रकान्यात गुणधर्म, उजव्या रकान्यात त्याचं मूल्य. बस्स, एवढंच!

आता हे करायचं कसं? कॉम्प्युटर उघडायच्या आधी वही उघडा. मालाचे प्रकार पाडा आणि प्रत्येक प्रकाराखाली गिऱ्हाईक खरोखर विचारतं ते पाच-सहा गुणधर्मच लिहा. पंख्याला पात्यांचा घेर, वॅट आणि स्टार. बल्बला वॅट, ल्युमेन, टोपी आणि रंग. वायरला चौरस मिलीमीटर, लांबी आणि रंग. सगळ्यांना एकच तक्ता लावायला गेलात तर बल्बच्या पानावर 'लांबी' रिकामी दिसणार!

मग वूकॉमर्समध्ये प्रॉडक्ट्सच्या खाली अ‍ॅट्रिब्यूट्स आहे, तिथे हे गुणधर्म एकदाच तयार करायचे आणि त्यांची मूल्यंही तिथेच भरायची. प्रत्येक वस्तूच्या पानावर हाताने नव्याने टाईप करायचं नाही. मी सुरुवातीला तेच केलं होतं. कुठे '६ए', कुठे '६ अँप', कुठे '६ अँपिअर'. माणसाला तिन्ही सारखेच, पण मशीनला त्या तीन वेगळ्या गोष्टी. चाळणी लावली की एकाच मालाचे तीन गट दिसायचे. सोपा नियम असा, की एकक गुणधर्माच्या नावात घाला आणि मूल्यात नुसता आकडा ठेवा. म्हणजे असं:

विद्युतप्रवाह क्षमता (अँपिअर) : ६
वायरची लांबी (मीटर) : ३

शेवटी 'पानावर दिसू दे' या चौकटीत टिक करायला विसरू नका. ती राहिली तर तक्ता भरलेला असूनही कोणाला दिसत नाही. मी एक संध्याकाळ त्यातच घालवली आहे!

एककांचा गोंधळ वेगळाच. गिऱ्हाईक अठ्ठेचाळीस इंची पंखा मागतं, खोक्यावर १२०० मिमी लिहिलेलं असतं. दोन्ही लिहा. पिनवाल्या बल्बची टोपी म्हणजे बी २२ आणि नेहमीच्या आटेवाल्याची ई २७. हे आकडे टोपीच्या व्यासाचे आहेत, मिलीमीटरमध्ये. वॅट म्हणजे बल्ब वीज किती खातो आणि ल्युमेन म्हणजे उजेड किती देतो, हे अजूनही पुष्कळांना उलटसुलट वाटतं.

काही गोष्टी तर कायद्यानेच दाखवाव्या लागतात. पॅकबंद वस्तूंचे वैधमापन नियम २०११ चे आहेत. त्यांत २०१७ साली बदल झाला आणि १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन विक्रीतही कमाल किरकोळ किंमत, निव्वळ प्रमाण, उत्पादकाचं नाव-पत्ता अशी माहिती दाखवणं बंधनकारक झालं.

आता बिघडलेली गोष्ट. वूकॉमर्समध्ये 'डुप्लिकेट' म्हणून एक सोय आहे. एका वस्तूचं पान तयार असलं की त्याची नक्कल काढायची आणि हवं ते बदलायचं. १६ अँपिअरच्या बोर्डाचं पान मी केलेलं होतं. ६ अँपिअरच्या बोर्डासाठी त्याचीच नक्कल काढली. नाव बदललं, फोटो बदलला, किंमत बदलली. तक्ता बदलायचा राहिला.

आटाळीच्या एका ताईंनी तो बोर्ड गिझरसाठी मागवला. गिझरची जाड पिन त्यात जाईना, म्हणून त्यांनी मध्ये कन्व्हर्टर लावला. तक्त्यात १६ लिहिलंय म्हणजे चालेलच, असं त्यांना वाटलं. त्यांचं काय चुकलं? २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो. तिसऱ्या दिवशी सॉकेट वितळलं. जळका वास आला म्हणून त्यांनी मेन स्विच बंद केला. घरात सहा महिन्यांचं बाळ होतं.

काका स्वतः त्यांच्या घरी गेले, पैसे परत दिले आणि योग्य लाइन ओढून दिली. मला ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "अगं, आजपर्यंत लोक माझ्या तोंडावर विश्वास ठेवून माल न्यायचे. आता तू लिहिलेल्यावर ठेवतात." त्या रात्री मी जेवले नाही.

तेव्हापासून आमचे तीन नियम आहेत. वस्तू किंवा तिचं खोकं हातात असल्याशिवाय आकडा भरायचा नाही. माहीत नसेल तर ती ओळच गाळायची, अंदाज लिहायचा नाही. आणि नक्कल काढली की सगळ्यात आधी तक्ता रिकामा करायचा. शिवाय बोर्डांच्या तक्त्यात आम्ही एक ओळ वाढवली : 'याला काय लावू नये'. ती ओळ काकांनी स्वतः सांगितली, मी फक्त टाईप केली.

जाता जाता हॉस्टेलकरांसाठी थोडं गणित. वॅटला २३० ने भागा. १५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड म्हणजे ६.५ अँपिअर. (रॉड हॉस्टेलमध्ये चालत नाही हे मला माहीत आहे, रेक्टर सर! उदाहरण म्हणून सांगतेय.) आज रूमवर गेलात की आपापला बोर्ड उलटा करून मागचा आकडा एकदा वाचा.