मुलाखतीत अवघड प्रश्न आला तर? खरं बोला, थोडक्यात बोला

गारखेडा (छत्रपती संभाजीनगर) : गारखेडा परिसरात रूम करून शिकणारी खेड्यापाड्यातली पोरं भरपूर आहेत. इंजिनिअरिंगचा प्रवेश सीईटीवर होतो, तिथं मुलाखत नसते. पण मिलिट्रीत अधिकारी व्हायचं म्हटलं की मुलाखत चुकत नाही.

आपल्याच शहरात राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था (एसपीआय) १९७७ पासून आहे. दहावीनंतर मुलांना तिथं लेखी परीक्षा आणि मुलाखत घेऊन प्रवेश देतात. मुलींसाठी अशी संस्था नाशिकला आहे. पुढे एनडीएची लेखी परीक्षा ९०० मार्कांची आणि एसएसबीची निवड चाचणीही ९०० मार्कांचीच. म्हणजे लेखीत पास झालं तरी निम्मी लढाई बाकी राहते.

प्रश्न येतात कुठून?
बरेचसे प्रश्न तुम्हीच भरलेल्या फॉर्ममधून येतात. मार्क, वडिलांचा धंदा, छंद, खेळ. म्हणून फॉर्म नेट कॅफेवाल्याच्या भरवशावर सोडू नका. स्वतः वाचा आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. छंद 'वाचन' लिहिला तर शेवटचं पुस्तक कोणतं, हे विचारणारच.

"गणितात मार्क कमी का?"
मास्तरवर ढकलू नका. "अभ्यास कमी पडला सर, आता रोज दोन तास गणित करतो," एवढं पुरे. मात्र खरंच करत असाल तरच सांगा. पुढचा प्रश्न त्यावरच येतो.

उत्तर येत नसेल तर?
"माहीत नाही सर" म्हणायला लाजू नका. एक थाप मारली की ती झाकायला दुसरी मारावी लागते, आणि समोरचा माणूस रोज पोरं बघतो.

"वडील काय करतात?"
आपल्या मराठवाड्यात हा साधा प्रश्न कित्येक लेकरांच्या काळजाला लागतो. कुणाचे वडील कर्जापायी गेले, कुणाचे दारूपायी घर सोडून गेले. विचारणाऱ्याला ते ठाऊक नसतं, तो फॉर्म बघून विचारतो. "वडील वारले सर. शेती आई बघते, सुट्टीत मी मदत करतो," असं सांगा. कसे गेले, हे आपणहून सांगायची गरज नाही. विचारलंच आणि बोलवत नसेल तर "त्यावर बोलणं मला जड जातं सर," म्हणा. डोळ्यात पाणी आलं तर थांबा, पाणी प्या, पुढे बोला.

आईबापांनी एक करावं. आदल्या दिवशी हाच प्रश्न घरात एकदा विचारून घ्यावा. पोरगं पहिल्यांदा अडखळायचं असेल तर घरात अडखळलेलं बरं.

शेतकऱ्याचं पोर असणं ही काही झाकायची गोष्ट नाही. पेरणी, पाणी, बाजारभाव यावर विचारलं तर मोकळं बोला. तिथं तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?