भिंतीवर रेघ न उमटवणारा पूर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा महापूर ओसरल्यावर सांगलीच्या बाजारपेठेत विम्याचे सर्वेक्षक फिरत होते. दुकानदार त्यांना भिंतीवरची गाळाची रेघ दाखवत. पाणी कुठवर चढले, याची साक्ष भिंतच देत होती. ऑनलाइन फसवणुकीत पैसे वाहून जातात तेव्हा अशी रेघ कुठेच उमटत नाही. ती आपणच कागदावर ओढावी लागते, तीही लगोलग.

सातारा-सांगली भागातली अशी प्रकरणे गेली काही वर्षे मी समजून घेतो आहे. मी वकील नाही, विमा एजंटही नाही. परिपत्रके आणि पॉलिसींची बारीक अक्षरे वाचत शिकलो. माझ्या पाहण्यात दावे बहुतेक एकाच प्रश्नावर अडले : पैसे चोरीला गेले, की तुम्ही स्वतःच्या हाताने दिले?

साताऱ्यातले माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक. ‘वीजबिल थकले आहे, आज रात्री जोडणी तोडू’ असा संदेश त्यांना आला. त्यातल्या क्रमांकावर त्यांनी फोन केला, समोरच्याने सांगितलेले ॲप मोबाइलवर घेतले आणि ओटीपीही सांगितला. काही मिनिटांत एक लाख ऐंशी हजार रुपये गेले. चार दिवस गुरुजी घरात कोणाशी बोलले नाहीत. जन्मभर मुलांना शहाणपण शिकवले आणि आपणच फसलो, याची लाज. पाचव्या दिवशी मला म्हणाले, “बँकेतल्या पैशाला पाच लाखांचा विमा असतो ना? कराडला मिळाले तसे मिळतील.”

हा समज आमच्याकडे सर्रास आहे, आणि त्याला कारणही आहे. कराड जनता सहकारी बँकेचा परवाना डिसेंबर २०२० मध्ये रद्द झाल्यापासून पाच लाखांचा ठेव विमा इकडे घरोघरी माहीत झाला. पण तो विमा बँक बुडाल्यावरचा आहे. १९६० मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक कोसळली, त्यानंतर १९६१ च्या कायद्याने तो आला. बँक धडधाकट चालू असताना तुमच्या खात्यातून कोणी पैसे लांबवले, तर त्याचा काही उपयोग नाही.

मग नुकसान सोसायचे कोणी? पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण इथे उपयोगी पडते. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत तिथून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून रोकड काढली गेली, आपल्या शेजारच्या कोल्हापुरातूनही. हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेतच घुसून पैसे काढण्याच्या विनंत्यांना परस्पर मंजुरी दिली होती. खातेदारांचा त्यात कुठेच हात नव्हता. तोटा बँकेचा ठरला, खातेदारांच्या शिलकीला धक्का लागला नाही. तिथे ‘कोणी दिले’ हा प्रश्नच उद्भवला नाही. गुरुजींच्या बाबतीत पहिला प्रश्न तोच होता.

याचे उत्तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे. सहकारी बँकांना तसेच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरात लागू झाले. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच भार नाही. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा व्यवहाराची खबर कामकाजाच्या तीन दिवसांत दिली तरी भार शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसांत दिली तर साध्या बचत खात्याला कमाल दहा हजारांचा भार. त्यानंतर बँकेच्या धोरणानुसार. खबर मिळाल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते, आणि त्यासाठी विम्याचा दावा निकाली निघण्याची वाट पाहायची नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवरच आहे.

मात्र ओटीपी किंवा पिन ग्राहकाने स्वतः सांगितला असेल, तर खबर देईपर्यंतचा सगळा तोटा त्याचा. खबर दिल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणून लाजेपोटी गप्प बसलेला एकेक तास महाग पडतो.

विमा येतो तो यानंतर. व्यक्तीसाठीच्या सायबर पॉलिसी आपल्याकडे २०१७ च्या सुमारास आल्या. विमा नियामकाने २०२१ मध्ये त्यांच्या रचनेबद्दल मार्गदर्शन प्रसिद्ध केले. पैशांची चोरी, ओळखपत्रांचा गैरवापर, फिशिंग, खंडणी अशी त्यात वेगवेगळी कलमे असतात आणि प्रत्येकाला वेगळी मर्यादा असू शकते. एकूण रक्कम पाच लाख दिसली म्हणून फिशिंगलाही पाच लाख मिळतील, असे नाही. गुंतवणुकीतला तोटा आणि आभासी चलन अनेक पॉलिसी वगळतात.

व्यापाऱ्यांसाठी हे कलम आणखी नाजूक. समजा, सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याला नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने ईमेल आला : ‘आमचे खाते बदलले आहे.’ त्याने नव्या खात्यावर रक्कम पाठवली. इथे कोणी त्याचे खाते फोडलेले नाही. पैसे त्यानेच पाठवले. ‘फसवून करवून घेतलेला भरणा’ पॉलिसीत वेगळा लिहिलेला नसेल तर दावा नाकारला जाऊ शकतो. पॉलिसी घेतानाच ही ओळ शोधावी.

दाव्याचा क्रम असा ठेवावा. आधी बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. लगेच १९३० या मदत क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करावी. पुढच्या खात्यांत पोचलेले पैसे तिथून गोठवता येतात. मग पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद. विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवावे. बऱ्याच पॉलिसींत बँकेला आणि पोलिसांना कळवण्याची मुदत ७२ तासांची असते. संदेश, कॉलची नोंद, खातेउतारा यांची चित्रे काढून ठेवावीत. घाबरून मोबाइल साफ करू नये. पुरावा तिथेच असतो. आणि बँकेकडून ‘ही रक्कम आम्ही भरून देत नाही’ असे लेखी घ्यावे. बँकेने न दिलेलेच नुकसान विमा भरतो, त्यामुळे या पत्राशिवाय फाइल पुढे सरकत नाही.

नकार आला तर तोही लेखी, कलमासह मागावा. कंपनीच्या तक्रार कक्षाने दाद दिली नाही, तर आपल्या जिल्ह्यांसाठी पुण्याला विमा लोकपाल आहेत. नकारापासून एका वर्षात तिथे विनाशुल्क, वकिलाशिवाय जाता येते. सातारा आणि सांगली इथे जिल्हा ग्राहक आयोगही आहेत.

गुरुजींकडे पॉलिसी नव्हती. पाचव्या दिवशी आम्ही १९३० ला फोन लावला. तोवर बहुतेक पैसे निघून गेले होते. एका खात्यात बावीस हजार गोठले. न्यायालयात अर्ज करून तेवढे काही महिन्यांनी परत आले. ज्या दिवशी ते आले, त्या दिवशी गुरुजींनी ही हकिकत पहिल्यांदा मुलाला सांगितली. हल्ली ज्येष्ठ नागरिक संघात ते स्वतः उभे राहून सांगतात, आणि सुरुवात त्या चार दिवसांपासून करतात.